खडपावरचा कागद

समुद्राच्या हाकेच्या अंतरावर जाऊन समुद्र न बघता परत आलेली दिंडोरी तालुक्यातली मी एकटीच असेन. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलची गोष्ट. माझा धाकटा भाऊ किरण याने मालवणपासून थोड्या अंतरावर, एका खाडीच्या वरचा डोंगरउतार कलिंगडासाठी कराराने घेतला होता. घरची द्राक्षबाग मी बघते. आखणी, ठिबक, खताचे डोस यातलं मला सगळं कळतं असा त्याचा समज आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही होता. म्हणून मी एका दिवसासाठी गेले. सकाळी पोचले, दोऱ्या मारल्या, चुन्याने खुणा केल्या, जेसीबीवाल्याला समजावलं आणि संध्याकाळच्या गाडीला बसले. घरी एप्रिल छाटणीची टोळी येऊन थांबली होती.

"ताई, दहा मिनिटं समुद्र तरी बघ," किरण म्हणाला होता.

"समुद्र कुठं पळून चाललाय?" मी म्हणाले होते.

यंदा मार्चअखेर द्राक्षांचा खुडा संपला. खुडा ते छाटणी हे आठ-दहा दिवस वेलींच्या विश्रांतीचे, म्हणजे आमच्याही. नेमका तेव्हा किरणचा फोन आला. "ताई, शेजारचा उतार पण मिळतोय. सोमवारी जेसीबी सांगितलाय. येऊन आखून दे. या वेळी समुद्र दाखवल्याशिवाय सोडत नाय."

मी पिशवी भरली. त्या गावाचं नाव मात्र मी या लेखात देणार नाही. तिथली काही घरं पर्यटकांवर चालतात, आणि पुढचं वाचून कुणी तिकडे जायचं थांबायला नको.

शनिवार, उतारावर

रात्रभराच्या बसप्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फोंडा घाट उतरताना जाग आली आणि खिडकीतून आलेली हवा दमट, गरम लागली, इतकंच आठवतं. किरण पिकअप घेऊन कणकवलीला आला होता. त्याच्या बोटात पोवळ्याची नवी अंगठी दिसली. त्र्यंबकेश्वरला देवळासमोरच्या दुकानातून घेतलेली. कोकणातला धंदा लाभावा म्हणून कुणीतरी सुचवली म्हणे. पोवळं म्हणजे माझ्या लेखी तेवढंच होतं, मंगळाचा लाल खडा.

प्लॉट बघून मी खूश झाले. दोन एकर तांबडी माती, आणि त्यात गवताची काडी नाही. आमच्याकडे रान स्वच्छ असणं हा इज्जतीचा मामला असतो. ज्याच्या बागेत गवत, त्याच्या घरी आळस असं आम्ही बिनदिक्कत म्हणतो. गादीवाफे वरून खाली, थेट उताराला सोडलेले होते. ती आखणी माझीच. आमच्या वडिलांचं, अण्णांचं, एक वाक्य आम्हा भावंडांच्या हाडांत मुरलंय: "पाणी थांबलं की मूळ कुजलं." दिंडोरीच्या काळ्या जमिनीत ते शंभर टक्के खरं आहे. बेमोसमी पाऊस येतो, पाणी मुळाशी साचतं आणि वर्षाची मेहनत जाते. म्हणून पाण्याला बाहेर पडायला वाट द्यायची, तीही सरळ. इथे प्लॉटच्या तळाला जांभ्या दगडाचा जुना बांध होता. कोकणात त्याला गडगा म्हणतात. मागच्या खेपेला तो बघितल्या बघितल्या मी किरणला सांगितलं होतं, "हा तीन ठिकाणी फोड, नाहीतर पाणी तुंबेल." त्याने तो फोडला होता. तिन्ही खिंडारं आता चांगली रुंदावली होती आणि त्यांच्याखाली खोल घळी पडल्या होत्या.

"निचरा झकास झालाय," मी म्हणाले.

मधल्या खिंडारापाशी यंदाच्या मल्चिंग कागदाचा ढीग होता. हा कागद म्हणजे वाफ्यावर अंथरायचं प्लास्टिक, वरून चंदेरी, आतून काळं. भोकं पाडून त्यात रोपं लावायची, पीक निघालं की कागद काढून टाकायचा. त्या भोकांतही माझी एक खोड आहे. सगळे जण एका जागी एकच भोक पाडतात. मी चार बोटांच्या अंतरावर दोन पाडायला लावते. एक रोप मेलं तर शेजारचं असावं म्हणून. टोळीतल्या बायका त्याला 'ताईची जोडभोकं' म्हणतात आणि माझ्या पाठीमागे हसतात, ते मला माहीत आहे.

"गेल्या सालचा कागद कुठं टाकला?" मी विचारलं.

"इथंच ढीग केला होता. पावसात गेला कुठंतरी."

"बरं झालं. उचलायचं काम वाचलं."

हे मी बोलले. हसून बोलले.

शनिवार दुपार, बाबलदादांकडे

किरण पत्र्याच्या खोलीत मजुरांबरोबर राहतो, म्हणून माझी सोय त्याने खाडीकाठच्या एका घरी केली होती. घर बाबलदादांचं. साठीचा सडपातळ माणूस, उन्हाने रापलेला. पूर्वी मासेमारी करायचे. मासे कमी झाले तेव्हा होडीला आडोसा बांधला, चष्मे आणि नळ्या घेतल्या आणि पर्यटकांना पाण्याखालचं पोवळं दाखवायला लागले. आता घर त्याच्यावर चालतं. त्यांची बायको सुमनवैनी पाहुण्यांचं जेवण करते.

मी आमच्या बागेतली द्राक्षांची पेटी नेली होती. परदेशी जाणारा माल, चमकदार, एकसारखे मणी. सुमनवैनींनी पेटी उघडली, कौतुक केलं आणि सगळे घड मिठाच्या पाण्यात बुडवले. थोड्या वेळाने पाणी बदलून पुन्हा बुडवले.

"राग मानू नका हां ताई," त्या म्हणाल्या. "फवारो आसता म्हणतत, म्हणान दोनदा धुतंय."

मला रागच आला. मी तिथल्या तिथे व्याख्यान दिलं. आमची द्राक्षं तपासणीशिवाय हलत नाहीत, कोणतं औषध किती उरलंय ते प्रयोगशाळा सांगते, जरा जास्त निघालं तर अख्खा माल परत येतो, वगैरे. बाबलदादा सुपारी कातरत ऐकत होते.

"म्हणजे युरोपच्या ताटात काय जाता, ता तुमी मोजतास," ते म्हणाले. "आणि फवाऱ्याची टाकी धुतलेला पाणी खय जाता?"

"नाल्यात."

"ता कोण मोजता?"

मी म्हणाले, नाल्यातलं पाणी कोण कशाला मोजेल? त्यांनी मान डोलावली आणि विषय सोडून दिला. मला वाटलं, मी वादात जिंकले.

जेवायला भात, सोलकढी आणि तिसऱ्यांचं सुकं होतं. तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. आमच्याकडे बाजरीची भाकरी आणि ठेच्यावर वाढलेल्या माणसाला शिंपलीतून मांस उकरून खाणं हा अर्धा व्यायाम, अर्धी फजिती. एक शिंपली माझ्या हातातून सुटून थेट बाबलदादांच्या भातात पडली. सगळे हसले. ताटात तिसऱ्या मोजक्याच होत्या. सुमनवैनी म्हणाल्या, पूर्वी ओहोटीला टोपली भरून निघायच्या, आता दोन वर्षं खाडीत गाळ भरलाय, अर्धा दिवस हात घालावा तेव्हा एवढ्या मिळतात. दोन वर्षं हा शब्द मी ऐकला. पण कानात गेला तो कानातच राहिला.

रविवार, आतलं खडप

सकाळी बाबलदादांनी मला होडीत घातलं. किरणला कलिंगडाची शेवटची गाडी भरायची होती, तो आला नाही. खाडीचं तोंड ओलांडलं की समुद्रात दोन ठिकाणी पाण्याखाली खडक आहेत. त्यांना तिथे खडप म्हणतात. एक आतलं, खाडीच्या तोंडाशी. दुसरं बाहेरलं, होडीने आणखी थोडं पुढे. आमच्याबरोबर निघालेल्या दुसऱ्या दोन होड्या पर्यटकांना घेऊन सरळ पुढे गेल्या. आमची होडी आतल्या खडपावर थांबली. मला वाटलं, मला पोहता येत नाही म्हणून उथळ जागा निवडली असेल.

पाण्यात उतरण्याचं वर्णन थोडक्यात उरकते. अंगावर पंजाबी ड्रेस, त्यावर फुगीर जाकीट, तोंडात नळी, डोळ्यांवर चष्मा. ड्रेसमध्ये हवा भरून माझा भोपळा झाला. पहिल्या दोन खेपांना अर्धा समुद्र पोटात गेला. तिसऱ्या खेपेला बाबलदादांनी माझा हात धरला आणि मी डोकं पाण्यात घातलं.

मी काहीतरी रंगीबेरंगी बघायच्या तयारीत होते. खाली तांबूस, गढूळ उजेड होता. झुडपासारखे, मेंदूसारखे, वारुळासारखे दगड दिसत होते आणि सगळ्यांवर तपकिरी-हिरवं बुळबुळीत शेवाळ होतं. मध्येच एका दगडाच्या फांद्या पांढऱ्याफटक होत्या. मी डोकं वर काढून नळी काढली आणि द्राक्षवाल्या बाईला शोभेल असं बोलले.

"दादा, याला भुरी आलीय. गंधकाची धुरळणी केली तर जाईल."

भुरी हा आमच्या वेलींवरचा पांढरा रोग. पांढरं दिसलं की आमचं डोकं दुसरीकडे जातच नाही. बाबलदादांना हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

"ताई, ह्यो रोग वरसून इलेलो न्हय. पोवळां म्हणजे दगड न्हय, जितो जीव. बारीक बारीक जीव, घरां बांधून एकत्र रवतत. तेंच्या आंगात बारकी शेवाळां आसतत, ती उजेडार अन्न करतत आणि ह्येंका खावक घालतत. पाणी गदूळ झाला की उजेड नाय, उजेड नाय तर अन्न नाय. रंग जाता, पांढरां पडतां. लवकर निवाळला तर वाचतां. नायतर संपला."

"आणि हे बाहेरचं शेवाळ?"

"ता येगळा. ता खतार वाढता."

उजेड आणि अन्न हे मला समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल छाटणीनंतर आम्ही फांद्यांची गर्दी मोडतो, ती काडीवरच्या डोळ्यावर, म्हणजे जिथून पुढे घड फुटतो त्या कोंबावर, ऊन पडावं म्हणूनच. सावलीत राहिलेला डोळा फळ देत नाही. आणि खताने गवत माजतं, हे तर शेतातलं पोरही सांगेल. मी पुन्हा डोकं खाली घातलं. बाबलदादांनी बुडी मारली आणि एका मोठ्या गोल दगडावर नुसता हात हलवला. त्यावरून तांबडा धुरळा उठला आणि ढगासारखा पसरला. ती माती मी ओळखली. आदल्या दिवशी माझ्या चपलेला लागलेली तीच ती.

मग धुरळा बसला आणि खाली काहीतरी चमकलं.

एका फांदीदार पोवळ्यावर चंदेरी कापड पांघरल्यासारखं दिसत होतं. एक टोक फांद्यांत अडकलेलं, दुसरं लाटेबरोबर वर-खाली होत होतं. जिथे ते घासत होतं तिथल्या फांद्या तुटल्या होत्या. जिथे घट्ट बसलं होतं तिथे पोवळं काळपट पडलं होतं. बाबलदादांनी ते टोक माझ्या बाजूला वळवलं. कागदाला भोकं होती. दोन-दोन, चार बोटांच्या अंतरावर.

पाण्याखाली माणसाला ओरडता येत नाही, हे बरं आहे. मी इकडे तिकडे बघितलं. पलीकडच्या दगडावर आणखी एक पट्टा, त्याच्या मागे एक, खाली गाळात अर्धा पुरलेला आणखी एक. सगळीकडे जोडभोकं. एवढ्या मोठ्या समुद्रात माझी खूण मला ओळखू येत होती. लाज वाटली, अंगाला कापरं भरेल इतकी लाज वाटली. बाबलदादांना वाटलं मला थंडी वाजतेय. त्यांनी मला होडीत ओढून घेतलं आणि टॉवेल दिला.

मी सांगितलं नसतं तर चाललं असतं. कागद कुणाच्याही शेतातून येतो. पण मला गप्प बसता येईना.

"दादा, तो कागद आमच्या प्लॉटवरचा आहे. भोकं मी सांगितलेली आहेत. गडगा पण मीच फोडायला लावला."

ते होडीचा दोर गुंडाळत होते. गुंडाळतच राहिले.

"म्हायत आसा माका," ते म्हणाले. "मी पावण्यांका हय हाडणंय नाय, भायल्या खडपार नेतंय. तुमका मुद्दाम हाडलंय."

"मग काल बोलला का नाहीत?"

"बोललंय आसतंय तर तुमी प्रयोगशाळा सांगितली आसती."

मला हसायला आलं आणि रडायलाही आलं. रडूच जास्त आलं. त्यांनी वाट बघितली, मग म्हणाले, "सगळी घाण तुमचीच, असा मी म्हणणंय नाय. हॉटेलांचा पाणी येता, होड्यांचे नांगर पडतत, समुद्रय तापता. पण ह्यो कागद तुमचो. आणि माती दोन पावसाळे तुमच्या उतारावयली. आता बाजूचो उतार फोडलास तर भायला खडप पण जाताला. मगे मी लोकांका काय दाखवू?"

रविवार दुपार, गडग्यावर

किरणशी भांडण होणार हे मला माहीत होतं. आम्ही गडग्यावर बसलो होतो, खिंडाराच्या दोन बाजूंना.

"ताई, समुद्र केवढा आणि आपला प्लॉट केवढा! काय बोलतेस तू?"

"तो कागद बघून ये."

"सगळं गाव घाण सोडतं. आपणच लय पापी का?"

"सगळ्या गावाची भोकं जोडीने नसतात."

तो चिडला. सोमवारचा जेसीबी सांगितलाय, पुढच्या हंगामाची रोपं सांगितलीत, जागेच्या मालकाला शब्द दिलाय. आणि मग त्याने खरं ते बोलून टाकलं. "आखणी तुझी. वाफे तू सरळ सोडलेस. गडगा तू फोडायला लावलास. आता समुद्रात जाऊन येतेस आणि मला शिकवतेस?"

 त्याचं म्हणणं खरं होतं. मी इथे येऊन एक दिवस राहिले, कुणाला काही विचारलं नाही आणि दिंडोरीचं शहाणपण दोरीने मोजून या उतारावर पसरवलं. तिथे आमच्याकडे पाणी थांबलं की मूळ कुजतं. इथे पाणी पळालं की माती जाते. गडगा बांधणाऱ्याने तो काही शोभेला बांधला नव्हता. पाण्याला हळू चालायला लावायचं आणि माती मागे ठेवून घ्यायची, एवढंच त्याचं काम. ते मला तेव्हा कळलं नाही, कारण मी विचारलंच नाही. ज्याच्या घरी मी जेवले तो माणूस गडग्याखाली साठ वर्षं राहिला होता.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "म्हणून दुरुस्तीही मीच आखून देणार. या प्लॉटचे वाफे आडवे करायचे, गडगा बुजवायचा, गवताला हात लावायचा नाही. नव्या उताराचा वरचा भाग आडवा आखीन. खालचा झाडीचा पट्टा आहे तसा सोडायचा. मंजूर नसेल तर दुसरं माणूस बघ."

"खालीच तर चांगली माती हाय."

"तिथे ती का साठलीय, ते विचार त्या झाडांना."

तो उठून निघून गेला. संध्याकाळी जेवायलाही आला नाही. सुमनवैनींनी त्याचा डबा भरून मजुराबरोबर पाठवला आणि मला म्हणाल्या, "भूक लागली की राग अर्धो होता." मी काही जेवले नाही.

सोमवार, बाहेरलं खडप

सकाळी जेसीबीच्या आवाजाने जाग आली. धावत वर गेले. मला वाटलं, याने नवा उतार उघडायला घेतला. पण यंत्र खालच्या बाजूला होतं. घळीत घरंगळलेले जांभ्याचे दगड उचलून गडग्याजवळ आणत होतं. किरण मधल्या खिंडारात उभा राहून चालकाला हातवारे करत होता. कागदाचा ढीग तिथून हलवून पिकअपमध्ये भरलेला होता.

"काल इथून उठलो तो बाबलदादांबरोबर जाऊन आलो," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "आडव्या वाफ्यांना तूच दोरी मार. मला ते जमत नाय."

त्याची अंगठी हातात नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, पाण्यात उतरताना काढून ठेवली ती पुन्हा घालावीशी वाटली नाही. अंगठीतलं पोवळं या खडपावरचं नसतं, ते वेगळ्या जातीचं, दुसऱ्या समुद्रातलं, हे बाबलदादांनी त्याला सांगितलं होतं. तरी नाही घातली.

दुपारपर्यंत मी दोऱ्या मारल्या. उताराला आडव्या, समपातळीवर. नव्या उताराच्या खालच्या पट्ट्याच्या कडेने चुन्याची रेघ ओढली आणि चालकाला तीनदा सांगितलं, याच्या खाली यायचं नाही. नंतर बाबलदादा म्हणाले, "चला. वायट बघलास, आता चांगला पण बघा."

बाहेरल्या खडपावर पाणी निळसर होतं. आता मला नळीतून श्वास घेणं जमलं होतं. खाली हिरवट, पिवळे, जांभळट पसारे होते. एक पोवळं तर थेट आमच्या मेथीच्या वाफ्यासारखं, दाट आणि ताजं. पट्ट्यापट्ट्यांचे मासे त्यातून घरातल्यासारखे ये-जा करत होते. पोवळ्याच्या फांद्यांत इवली पिल्लं लपलेली होती. मोठी होईपर्यंत ती तिथेच राहतात, बाबलदादांनी सांगितलं. म्हणजे जाळ्यात येणारी मासळीही यातूनच येते. मी डोकं वर काढायला तयार नव्हते. शेवटी त्यांनी मला जाकिटाला धरून ओढलं. इतकं सुंदर काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि परवा मी ते बुजवायला दोरी घेऊन आले होते.

परतताना आतल्या खडपावर थांबलो. कागद ओढून काढता येत नाही, ओढला की फांद्या मोडतात. बाबलदादांकडची सुरी मोठी, ती फांद्यांच्या बेचक्यांत जात नव्हती. मी पिशवीत हात घातला. माझ्या पिशवीत विरळणीची कात्री कायम असते. घडातले दाटीचे मणी काढायची, अरुंद, टोकदार कात्री. शेजारच्या मण्याला ओरखडा न आणता मधला मणी काढायचा, हेच तिचं काम.

"ही बघा," मी म्हणाले.

त्यांनी बुडी मारली. एकदा, दोनदा, किती वेळा ते मी मोजलं नाही. दर खेपेला हातभर तुकडा घेऊन यायचे आणि होडीत टाकायचे. मी तो धुऊन घडी घालायचे. तासाभराने पायाशी छोटासा चंदेरी गठ्ठा झाला. ते दमले होते. गाडीची वेळ झाली होती. कात्री मी त्यांच्याकडेच ठेवली.

दिंडोरी

घरी आले त्या दिवशी ब्लोअर धुवायचा होता. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागची फवारणीची टाकी. आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला असलेले रावसाहेब तो नेहमीसारखा नाल्याकडे न्यायला निघाले. मी त्यांना थांबवलं आणि पड जमिनीच्या कोपऱ्यात, विहिरीपासून लांब, खड्डा घ्यायला सांगितलं.

"काय झालं ताई? कुणी तक्रार केली का काय?"

"कुणी नाही."

"मग? आपलं पाणी काय कोकणात जात नाय. कादवेत जातं, तिथून गोदावरीत."

"आणि गोदावरी कुठं जाते?"

त्यांनी जरा विचार केला. "लय लांब."

तिकडच्या समुद्रात नदीच्या तोंडाशी पोवळं आहे की नाही, मला माहीत नाही. पण खाली कुणीतरी असणारच. खड्डा आता तयार आहे. अण्णा असते तर म्हणाले असते, पोरगी कोकणात जाऊन बिघडली.

छाटणी सुरू झाल्यावर चार दिवसांनी बाबलदादांचा फोन आला. पावसाला अजून अवकाश आहे, तेव्हा गडगा टिकतो की नाही हे काही कळलेलं नाही. किरण आडव्या वाफ्यांवर गवत वाढू देतोय आणि त्यासाठी आमच्याकडच्या लोकांची बोलणी खातोय, एवढं कळलं. बाबलदादा रोज ओहोटीला, पाहुण्यांच्या आधी, आतल्या खडपावर जातात. एका पट्ट्याखाली सगळं संपलेलं निघालं. दुसऱ्याखाली, अगदी कडेला, करंगळीएवढ्या तीन-चार फांद्यांना अजून रंग आहे.

"जगतील का?" मी विचारलं.

"बघूया. जीव चिवट आसता." मग म्हणाले, "ताई, एक इचारूक फोन केलंय. गेल्या वर्साचो कागद एकूण किती होतो? म्हणजे माका कळात, काढूचो किती रवलो."

आखणी माझी होती, त्यामुळे आकडा तोंडपाठ होता. "बारा बंडलं," मी म्हणाले. "एकेक चारशे मीटर."

 फोनमध्ये मागे लाटांचा आवाज येत होता.

"आतापर्यंत किती निघाला, दादा?"

"अर्धा बंडल असात." मग ते म्हणाले, "बरां. मगे कात्री ऱ्हवांदे हयच."